सीपीआय: ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणनाची परखड पाहणी

क्लिनिकल ट्रायलच्या (माणसांवरच्या औषधचाचणीच्या) साइटवर पीआय (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, साइटचा प्रमुख संशोधक) म्हणून सही करणाऱ्या डॉक्टरकडे बहुधा दोनच कागद असतात. एक एमडी किंवा डीएमची पदवी आणि दुसरं जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल नीट चालवण्याचे आंतरराष्ट्रीय निकष) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पदवीच्या अभ्यासात ट्रायल कशी चालवायची हे जवळजवळ नसतंच. जीसीपीचा ऑनलाइन कोर्स काही तासांत उरकतो, आणि त्याचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की या व्यक्तीने हे पान शेवटपर्यंत वाचलं. डॉक्टर ट्रायलची जबाबदारी पेलू शकतो का, हे त्यातून कळत नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ क्लिनिकल रिसर्च प्रोफेशनल्स, म्हणजे एसीआरपी या संस्थेची सीपीआय परीक्षा आहे. पूर्वी तिचं पूर्ण नाव सर्टिफाइड फिजिशियन इन्व्हेस्टिगेटर होतं, आता सर्टिफाइड प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर आहे. नावातून फिजिशियन गेला तरी परीक्षेचा गाभा तोच राहिला आहे. इथे पीआयने घ्यायच्या निर्णयांची पारख होते.

आमचं मत आधीच सांगतो. ज्याने दोन-तीन ट्रायल्स सुरुवातीपासून क्लोज-आउटपर्यंत (साइटवरचं काम रीतसर बंद करेपर्यंत) हाताळल्या आहेत आणि पुढेही हेच काम करायचं ठरवलं आहे, त्याच्यासाठी ही परीक्षा पैसे आणि वेळ दोन्ही वसूल करते. पहिली ट्रायल मिळावी म्हणून नावापुढे अक्षरं लावायची असतील, तर ही वाट चुकीची आहे. अर्जासाठी इन्व्हेस्टिगेटर किंवा सब-इन्व्हेस्टिगेटर (पीआयच्या देखरेखीखालचा संशोधक) म्हणून प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतोच. शिवाय भारतात काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं की भारतीय कायदा या परीक्षेत नाही. तो वेगळा शिकावा लागतो, आणि तसा शिकला नाही तर या प्रमाणनामुळे खोटा आत्मविश्वास येण्याचा धोका आहे.

परीक्षा 125 बहुपर्यायी प्रश्नांची आणि 3 तासांची असते. त्यातले 25 प्रश्न चाचणीसाठी घातलेले असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत. ते कोणते हे मात्र उमेदवाराला ओळखता येत नाही. एका प्रश्नाला साधारण 86 सेकंद मिळतात. वेळ कमी पडत नाही, पण प्रश्न प्रसंगावर बेतलेले असतात. चार ओळींचा प्रसंग, आणि खाली चारही पर्याय वाचायला बरोबरच वाटतात. विचारलेलं असतं ते ‘इन्व्हेस्टिगेटरने सर्वांत आधी काय करावं’. इथे अनुभवी क्लिनिशियन हमखास घसरतो, कारण त्याचं मन आधी उपचाराकडे धावतं. रुग्णाची सुरक्षा पहिली हे परीक्षेलाही मान्य आहे. पण त्यानंतरचं पाऊल कोणाला कळवायचं, कुठे नोंदवायचं, कोणाच्या मंजुरीशिवाय काय करता येत नाही, हे असतं. त्या पावलाची सवय ओपीडीत लागत नाही.

विषयांचे सहा गट आहेत: वैज्ञानिक संकल्पना आणि संशोधनाची रचना, नीतिविचार आणि सहभागींची सुरक्षा, औषधाचा विकास आणि नियमन, ट्रायलचं जीसीपीप्रमाणे संचालन, अभ्यास व साइटचं व्यवस्थापन, आणि डेटा. सगळ्याचा पाया आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाचे नियम पाठ करायची गरज नाही, आणि भारतातून परीक्षा देणाऱ्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे. आयसीएचमधलं ई6 म्हणजे जीसीपी, ई2ए म्हणजे सुरक्षेचं रिपोर्टिंग, ई8 म्हणजे अभ्यासांची सर्वसाधारण तत्त्वं, ई9 म्हणजे संख्याशास्त्र, ई10 म्हणजे कंट्रोल गटाची निवड, ई11 म्हणजे बालकांवरचे अभ्यास. ही नुसती चाळू नयेत, मूळ मजकूर वाचावा. बाजारात मिळणारी सारांशाची पुस्तकं नेमक्या त्याच वाक्यांना कात्री लावतात ज्यांच्यावर प्रश्न बेततात.

सर्वांत जास्त चुका सुरक्षेच्या प्रश्नांत होतात, म्हणून इथे थोडं थांबू. ‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’ या दोन शब्दांचा बोलताना आपण एकच अर्थ घेतो. ट्रायलमध्ये ते पूर्ण वेगळे आहेत. सिव्हिअर म्हणजे त्रासाची तीव्रता. सीरियस म्हणजे परिणाम: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं किंवा मोठं अपंगत्व, जन्मजात दोष, आणि वैद्यकीय दृष्टीने तितकीच महत्त्वाची दुसरी घटना. रुग्णाला असह्य अर्धशिशी झाली आणि घरीच गोळीने थांबली, तर ती सिव्हिअर असेल पण सीरियस नाही. सौम्य छातीदुखीसाठी एक रात्र दाखल केलं, तर ती सीरियस. ‘जिवाला धोका’ याचा अर्थही नेमका आहे. घटना घडत होती त्या क्षणी रुग्णाचा जीव धोक्यात असला पाहिजे. ‘अजून वाढली असती तर जीव गेला असता’ हे त्यात बसत नाही. ट्रायलमध्ये येण्याआधीच ठरलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेमकी ट्रायलच्या काळात झाली, तर नुसत्या दाखल होण्यामुळे एसएई (सीरियस प्रतिकूल घटना) होतेच असं नाही. ते प्रोटोकॉल (ट्रायलचा मंजूर आराखडा) काय म्हणतो त्यावर ठरतं, आणि म्हणून प्रोटोकॉलचं सुरक्षेचं प्रकरण दर ट्रायलला नव्याने वाचावं लागतं.

आता मुदतींचा घोळ. ई6 म्हणतं, इन्व्हेस्टिगेटरने एसएई स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) ताबडतोब कळवावी. अपवाद फक्त त्या घटनांचा, ज्या प्रोटोकॉलने तातडीच्या कळवण्यातून वगळल्या आहेत. ई2एमधले 7 आणि 15 दिवस स्पॉन्सरचे आहेत. अनपेक्षित आणि प्राणघातक किंवा जिवाला धोका करणारी औषधप्रतिक्रिया 7 दिवसांत, पूर्ण अहवाल त्यापुढच्या 8 दिवसांत. बाकीच्या सीरियस व अनपेक्षित प्रतिक्रिया 15 दिवसांत. परीक्षेत अनेक जण हे दिवस इन्व्हेस्टिगेटरच्या खात्यात टाकतात आणि गुण घालवतात.

हीच सवय घेऊन भारतातल्या साइटवर परतलं तर चूक आणखी महागात पडते. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स 2019 प्रमाणे घटना घडल्यापासून 24 तासांत इन्व्हेस्टिगेटरने तीन ठिकाणी कळवायचं: केंद्रीय परवाना प्राधिकरण, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी (ट्रायलची नीती तपासणारी समिती). उशीर झाला तर त्याचं समाधानकारक कारण द्यावं लागतं. त्यानंतर सविस्तर विश्लेषण 14 दिवसांत. मृत्यूच्या प्रकरणात एथिक्स कमिटीने आपलं मत 30 दिवसांत कळवायचं. ‘स्पॉन्सरला कळवलं, पुढचं ते बघतील’ ही समजूत आयसीएच वाचून होऊ शकते, पण आपल्याकडे ती चालत नाही. शनिवारी रात्री दुसऱ्याच रुग्णालयात दाखल झालेल्या सहभागीचा फोन सोमवारी आला, तर साइटला ते कधी कळलं याची तारीख-वेळ, फोन कोणी घेतला, कोणाला सांगितलं, हे सगळं सोर्स डॉक्युमेंटमध्ये (साइटवरच्या मूळ नोंदीत) त्याच वेळी लिहिलेलं हवं. उशिराचं कारण देताना तीच नोंद आधार ठरते.

नुकसानभरपाईचा विषयही परीक्षेत नाही, पण भारतीय पीआयला तो यायलाच हवा. मृत्यूसाठीचं सूत्र आहे बी गुणिले एफ गुणिले आर, भागिले 99.37. बी ही मूळ रक्कम 8 लाख रुपये. एफ वयानुसार बदलतो. 65 किंवा त्याहून जास्त वयाला तो 99.37 आहे. आर म्हणजे जोखमीचा गुणक, 0.5 ते 4. अखेरच्या टप्प्यातल्या आजारात 0.5, निरोगी स्वयंसेवकाला 4. म्हणजे 65 वर्षांच्या व्यक्तीचा मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं, तर जोखीम 0.5 असताना 4 लाख आणि 4 असताना 32 लाख. तरुण सहभागीसाठी एफ वाढत जातो आणि रक्कमही. हा हिशेब कन्सेंटच्या (सहभागीची संमती घेण्याच्या) वेळीच पीआयच्या डोक्यात असावा, कारण नातेवाईक पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात आणि त्यांना विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

कन्सेंटवरचे प्रश्न परीक्षेत चांगले असतात. आमच्या मते सीपीआयचा सर्वांत कसदार भाग हाच. ई6 प्रमाणे सहभागीने सही स्वतः करायची आणि तारीखही स्वतःच टाकायची. कोऑर्डिनेटरने (साइटवर ट्रायलचं रोजचं काम पाहणाऱ्याने) तारीख भरून ठेवली आणि रुग्णाने फक्त सही केली, तर तो दोषच. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो पूर्ण चर्चेच्या वेळी हजर असावा लागतो. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. चर्चा संपते, अंगठा उमटतो आणि मग बाहेरच्या बाकावरून कोणाला तरी सहीला बोलावलं जातं. तो साक्षीदार कशाचा साक्षीदार? ट्रायलच्या टीममधली परिचारिका निःपक्ष होऊ शकत नाही, हेही विसरलं जातं. महाराष्ट्रातल्या साइटवर आणखी एक हमखास चूक दिसते. इंग्रजी कन्सेंट फॉर्मची नवी आवृत्ती मंजूर होते, पण मराठी भाषांतर आणि त्याची उलट भाषांतराची तपासणी मागे राहते. मग त्या दोन-तीन आठवड्यांत आलेल्या रुग्णांची सही जुन्या मराठी आवृत्तीवर घेतली जाते. मॉनिटरला (स्पॉन्सरतर्फे साइट तपासणाऱ्याला) ते आवृत्ती क्रमांकावरून लगेच सापडतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक भाषेच्या फॉर्मची आवृत्ती, तारीख आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीची तारीख एकाच तक्त्यात ठेवावी, आणि नवी मंजूर होताच जुन्या छापील प्रती कपाटातून काढून घ्याव्यात.

भारतीय फॉर्ममध्ये सहभागीचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, पत्ता आणि वारस म्हणून नेमलेल्या व्यक्तीचं नाव व नातं हे रकानेही असतात. परदेशी स्पॉन्सरच्या साच्यात ते नसतात, म्हणून सुटतात. नव्या रासायनिक किंवा रेण्वीय औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या सहभागींची कन्सेंट प्रक्रिया दृक्‌श्राव्य नोंदवावी लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाची नोंद पुरते. सीपीआयमध्ये यातलं काहीच विचारत नाहीत. पण सीपीआयमुळे कन्सेंट ही एक प्रक्रिया आहे, फॉर्म फक्त तिचा पुरावा, हे एकदा पक्कं झालं की हे रकाने ओझं वाटत नाहीत.

डेलिगेशन, म्हणजे पीआयने टीमला कामं सोपवणं, हा दुसरा कसदार विषय. काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही, हे सगळे म्हणतात. परीक्षा त्याचा अर्थ तपशिलात विचारते. कोऑर्डिनेटरने पात्रतेचे निकष तपासून रुग्ण ट्रायलमध्ये घेतला, पण डॉक्टरची सही दुसऱ्या दिवशीची आहे. चूक कोणाची आणि पुढे काय करायचं? ट्रायलशी संबंधित वैद्यकीय निर्णयांची जबाबदारी पात्र डॉक्टरची, म्हणजे इन्व्हेस्टिगेटर किंवा सब-इन्व्हेस्टिगेटरची, असं ई6 स्पष्ट सांगतं. डेलिगेशन लॉगमध्ये (कोणाला कोणतं काम सोपवलं त्याच्या नोंदीत) काम सुरू केल्याची तारीख त्या व्यक्तीच्या प्रशिक्षणाच्या तारखेआधीची असणं, नोकरी सोडून गेलेल्याची शेवटची तारीख न भरणं, मागची तारीख टाकून सही करणं, हे दोष तपासणीत वारंवार निघतात. मागच्या तारखेची सही तर कधीच करू नये. उशीर झाला असेल तर आजची तारीख टाकावी आणि शेजारी कारण लिहावं. उशीर हा दोष आहे, खोटी तारीख हा गुन्हा ठरू शकतो.

प्रोटोकॉलपासून दूर जाण्याबाबत एकच अपवाद लक्षात ठेवला की बरेच प्रश्न सुटतात. सहभागीला तात्काळ धोका असेल तर आधी मंजुरी न घेता बदल करता येतो. मग लवकरात लवकर एथिक्स कमिटीला, स्पॉन्सरला आणि गरज असेल तिथे नियामकाला कारणासह कळवायचं. ‘रुग्ण गावाहून येतो, व्हिजिटची खिडकी (तपासणीला येण्याचा ठरलेला कालावधी) दोन दिवसांनी चुकली’ हा तात्काळ धोका नव्हे. तो डेव्हिएशन म्हणून नोंदवायचा, आणि असं तीनदा झालं तर वेळापत्रकच तपासायचं.

औषधाच्या हिशेबाचा सरावही करून जावा. दिवसाला दोन गोळ्या, 28 दिवस, म्हणजे 56 गोळ्या घ्यायच्या. 60 दिल्या, 8 परत आल्या, म्हणजे 52 घेतल्या असं मानायचं. 52 भागिले 56, साधारण 92.9 टक्के. गणित शाळेचं आहे, पण परत न आणलेली स्ट्रिप ‘घेतली’ धरायची की ‘हरवली’, हे डायरीत लिहिलेलं नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही.

संख्याशास्त्राची भीती अनाठायी आहे. सॅम्पल साइझ काढायला लागत नाही. पण इंटेन्शन-टू-ट्रीट (ज्या गटात टाकलं त्याच गटात सगळ्यांना मोजणं) आणि पर-प्रोटोकॉल (प्रोटोकॉल पाळलेल्यांनाच मोजणं) विश्लेषणातला फरक, पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक (नसलेला फरक दिसणं आणि असलेला न दिसणं), ब्लाइंडिंग (कोणाला कोणतं औषध ते लपवणं) आणि रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी) नेमका कोणता पूर्वग्रह रोखतात, हे स्वच्छ यायला हवं. नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलमध्ये (नवं औषध जुन्यापेक्षा फारसं कमी पडत नाही हे दाखवणाऱ्या ट्रायलमध्ये) इंटेन्शन-टू-ट्रीट विश्लेषण सावध पर्याय का ठरत नाही, हा चांगला कसोटीचा मुद्दा आहे. औषध नीट न घेणारे आणि गट बदललेले रुग्ण दोन्ही गटांना एकमेकांसारखं दाखवतात, आणि इथे तर सारखेपणाच सिद्ध करायचा असतो. ई10मधली ‘अ‍ॅसे सेन्सिटिव्हिटी’ (परिणामकारक आणि अपरिणामकारक उपचार वेगळे ओळखण्याची ट्रायलची क्षमता) ही कल्पनाही याच्याशी जोडून वाचावी. बहुतेक डॉक्टर ई10 सोडून देतात, आणि ते चुकीचं आहे. हा दस्तऐवज प्लासिबो (औषध नसलेली बनावट गोळी) कधी योग्य, कधी अयोग्य, यावर इतकं नेटकं बोलतो की एथिक्स कमिटीपुढे प्रश्नांना उत्तरं देतानाही त्याचा उपयोग होतो.

ई6च्या आवृत्तीबद्दल एक सावधगिरी. आर2 (दुसरी सुधारणा) ही 2016ची, आणि आर3 (तिसरी) अंतिम स्वरूपात 6 जानेवारी 2025ला मंजूर झाली. दोन्हींची बांधणी वेगळी आहे. आर2मध्ये इन्व्हेस्टिगेटरचं प्रकरण चौथं आणि तत्त्वं 13. आर3मध्ये 11 तत्त्वं, मग परिशिष्ट 1, आणि त्यात इन्व्हेस्टिगेटरचा भाग दुसरा. ‘सब्जेक्ट’च्या जागी ‘पार्टिसिपंट’ आला, ‘एसेन्शियल डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘एसेन्शियल रेकॉर्ड्स’ आले, डेटाच्या कारभाराला स्वतंत्र प्रकरण मिळालं. आर3 डेलिगेशनबद्दलही जास्त समंजस आहे: नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून होणाऱ्या कामांसाठी प्रत्येकाचं नाव लॉगमध्ये चढवायची सक्ती करत नाही. जुन्या प्रश्नसंचांवर अभ्यास करणाऱ्यांनी अर्ज करतानाच्या हँडबुकात कोणती आवृत्ती धरली आहे ते पाहूनच पुस्तक उघडावं. हेलसिंकी जाहीरनाम्याचंही तसंच: 2013नंतरची नवी आवृत्ती ऑक्टोबर 2024मध्ये आली.

अर्जाच्या टप्प्यावर भारतीय डॉक्टर अडकतात ते बायोडेटामुळे. आपला बायोडेटा पदव्या, शोधनिबंध, परिषदा, व्याख्यानं यांनी भरलेला असतो. इथे पाहतात ते काम: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या भूमिकेत, आठवड्यातला किती वेळ ट्रायलला, आणि नेमकी कोणती कर्तव्यं. ‘अनेक ट्रायल्समध्ये सहभाग’ या वाक्याला शून्य किंमत आहे. प्रत्येक ट्रायलसाठी एक ओळ लिहावी: टप्पा, आजार, भूमिका, कालावधी. स्पॉन्सरचं गोपनीय काही त्यात जाऊ नये. ट्रायल सीटीआरआयवर (भारताच्या ट्रायल नोंदणी संकेतस्थळावर) नोंदलेली असेल तर तो क्रमांक उघडच असतो. सब-इन्व्हेस्टिगेटर असाल तर डेलिगेशन लॉगमधलं नाव आणि बायोडेटातला कालावधी जुळतो का ते आधी पाहून घ्यावं.

नावाचंही बघा. परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात किंवा घरून दूरनिरीक्षणाखाली देता येते, आणि दोन्हीकडे अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळावं लागतं. आपल्याकडे पदवीवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लग्नानंतर तिसरंच. जे ओळखपत्र दाखवणार तेच समोर ठेवून अर्ज भरावा. घरून देण्यापेक्षा आम्ही केंद्राचा आग्रह धरू. खोलीची तपासणी, टेबलावर कागद नको, मध्येच कोणी आत यायचं नाही, इंटरनेट अखंड हवं. एकत्र कुटुंबात किंवा वीज जाणाऱ्या गावात 3 तास हे सांभाळणं म्हणजे नसता ताण.

तयारीला 10 ते 12 आठवडे, आठवड्याला 5-6 तास पुरेसे आहेत. पहिले चार आठवडे ई6चा मूळ मजकूर, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक कलमाशेजारी आपल्या साइटवर ते कोणत्या कागदात दिसतं ते लिहायचं. जिथे काहीच सापडत नाही, तिथे परीक्षेचाही आणि साइटचाही कच्चा दुवा आहे. मग ई2ए आणि ई8, त्यानंतर ई9, ई10, ई11. ई11मधले वयोगट पाठच करावेत: अपुऱ्या दिवसांचं बाळ, 0 ते 27 दिवस, 28 दिवस ते 23 महिने, 2 ते 11 वर्षं, आणि त्यापुढे किशोर. शेवटचे दोन-तीन आठवडे वेळ लावून सराव. उत्तर चुकलं तर बरोबर पर्याय पाठ करण्यापेक्षा तो कोणत्या कलमातून आला ते शोधणं जास्त फायद्याचं. एखादा प्रश्न अडला तर खूण करून पुढे जावं आणि शेवटी एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

पर्याय कोणते? सोक्रा या अमेरिकी संस्थेचं सीसीआरपी हे प्रमाणन डॉक्टर, परिचारिका, कोऑर्डिनेटर, मॉनिटर सगळ्यांसाठी एकच आहे, आणि त्यात अमेरिकी नियमांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना, विशेषतः तिथला वैद्यकीय परवाना हातात नसताना संशोधनात उतरलेल्यांना, ते जास्त सोयीचं. पीआयच्या भूमिकेसाठी मात्र सीपीआय नेमकं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च करावा लागतो. तो संशोधनपद्धतीचा चांगला पाया आहे, ट्रायल चालवण्याचं प्रमाणन नव्हे. जीसीपीची उजळणी फुकट हवी असेल तर अमेरिकेच्या निडा या अमली पदार्थांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा 12 भागांचा, सुमारे 6 तासांचा कोर्स नीटस आहे. या दोन कोर्सेसची सीपीआयशी तुलना करू नये, कारण त्या शिकवणी आहेत आणि ही परीक्षा आहे.

आता किमतीचा विचार. शुल्क डॉलरमध्ये आहे, सदस्यांना कमी, लवकर अर्ज करणाऱ्यांना आणखी थोडं कमी. सदस्यत्वाची वर्गणी धरूनही एकूण खर्च कुठे कमी येतो ते आधी मांडून पाहावं. जिल्ह्याच्या गावात काम करणाऱ्या डॉक्टरला ही रक्कम जड आहे, आणि सवलतीच्या दृष्टीने संस्थेने भारतासारख्या देशांचा अजून विचार करायला हवा असं आम्हाला मनापासून वाटतं. बदल्यात काय मिळतं? कायद्याने काहीच नाही. भारतात किंवा अमेरिकेत पीआय होण्यासाठी सीपीआय बंधनकारक नाही. 2013मध्ये रणजित रॉय चौधरी समितीने इन्व्हेस्टिगेटर, साइट आणि एथिक्स कमिटी तिन्हींच्या मान्यतेची शिफारस केली होती. पण पीआयच्या वैयक्तिक क्षमतेची अशी परीक्षा आपल्याकडे सक्तीची झालेली नाही. स्पॉन्सरच्या फिजिबिलिटी फॉर्ममध्ये (साइट योग्य आहे का हे पाहण्यासाठीच्या प्रश्नावलीत) सीपीआयची नोंद चांगली दिसते. पण साइट निवडताना शेवटी रुग्णसंख्या, मागच्या ट्रायल्समधली भरती आणि तपासणीचे निकाल हेच पाहतात. पुणे जिल्ह्यातल्या वडूसारख्या ग्रामीण केंद्रातून रोटाव्हायरस लशीच्या तिसऱ्या टप्प्याच्या अभ्यासात बाळं घेतली गेली, तेव्हा त्या कामाची पत ठरली ती घरोघरच्या पाठपुराव्याने.

म्हणून कोणी देऊ नये हेही स्पष्ट सांगतो. वर्षाला एखादी ट्रायल करणाऱ्या, कोऑर्डिनेटरवर सगळं सोडून फक्त सही करणाऱ्या डॉक्टरने देऊ नये. त्याने आधी महिन्याचे चार तास साइटच्या फायलींना द्यावेत. कॉर्पोरेट औषध कंपनीत मेडिकल अफेअर्सकडे जायचं आहे, त्यांनी फार्मास्युटिकल मेडिसिनची पदविका पाहावी. ज्यांना फक्त जीसीपीची मुदत संपली म्हणून कागद हवा आहे, त्यांनी वर सांगितलेला फुकटचा कोर्स करावा.

ज्यांनी हे प्रमाणन घेतलं, त्यांनी ते टिकवण्याचं गणित पहिल्या महिन्यापासून मांडावं. प्रमाणन 2 वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाला 24 गुण लागतात. त्यात संशोधनाशी थेट संबंधित शिक्षणाचा वाटा ठरलेला असतो, नुसत्या वैद्यकीय परिषदा पुरत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाचं प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका आणि तासांचा उल्लेख एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयांत होणाऱ्या नीतिविषयक कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांवर तास छापलेले नसतात. निघण्याआधी आयोजकांकडून तास लिहून सही-शिक्का घ्यावा, कारण दीड वर्षानंतर तो मागायला गेल्यावर मिळत नाही.